डोणीतल्या वडाबाबत

मी, कुंडलिक गेणबा राऊत, वय सत्तर, पाटाकडेच्या झाडांचा निवृत्त मुकादम, राहणार निमगाव केतकी, तालुका इंदापूर, डोके ठिकाणावर असताना, राजीखुशीने, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. अक्षर हलले आहे ते दुखण्याने नव्हे. आज सकाळी जे पाहिले त्याने मला एका जागी बसवत नाही.

कलम १. पाटाखालची चार एकर जमीन व राहते घर थोरला सोपान व धाकटा झुंबर यांना निम्मे निम्मे. माझी पत्नी छबूबाई हयात असेतो माजघर व परसातली लिंबे तिची. सोपानच्या शेळीने एक्कावन्न साली डोणीतल्या झाडाचा शेंडा खाल्ला, हे मी विसरलेलो नाही. पण शेळीचा राग जमिनीवर काढत नाही.

कलम २. कोयता, कानस व छाटणीची कात्री झुंबरला. त्याला निदान बाभूळ आणि हिवर सालीवरून ओळखता येतात.

कलम ३. आता डोणीतले झाड. तेहतीस साली ते पाटाच्या मोरीत, दगडांच्या सांध्यात उगवले होते. उपटण्याचा हुकूम होता. वडावर हत्यार चालवणे जिवावर आले, म्हणून मुळासकट काढून घरी आणले. जपानी लोक ताटलीत म्हातारी झाडे वाढवतात असे चित्र आमच्या साहेबांनी एकदा दाखवले होते. ताटली कुठली, मी गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी घेतली. मुळे छाटत, फांद्या सुतळीने ओढत चोवीस वर्षे झाड हातभर उंचीवर राखले. त्याला पारंब्यासुद्धा आल्या.

पस्तीस साली छबूबाईचा पाय मोडला आणि गावच्या वडापर्यंत जाणे सरले. तेव्हापासून दर वटपौर्णिमेला ती याच डोणीला फेरे घालते आणि सात जन्म हाच नवरा मागते.

माझा मेहुणा महिपती बारामतीहून आला की म्हणे, "दाजी, ह्यो वड न्हाय." मी म्हणे, "डोणी ल्हान, म्हणून पान ल्हान." तीस वर्षे नुसती साल चाचपून झाडे नोंदवलेला माणूस मी, कांदे विकणाऱ्याचे काय ऐकू?

आज वटपौर्णिमा. सुनेने शेजारणीसाठी वडाची फांदी आणून डोणीपाशी ठेवली. दोन पाने शेजारी शेजारी आली आणि मी तिथेच उकिडवा बसलो. वडाचे पान रुंद, जाड, बोथट टोकाचे, देठ दणकट, कोवळेपणी अंगावर लव. आमचे गुळगुळीत, चकचकीत, देठ आखूड. साल चाचपली. वडाची साल खपल्या सोडते, आमची नितळ राखाडी. हा नांद्रुक आहे, वडाचा चुलतभाऊ. सत्तराव्या वर्षी झाड नव्याने ओळखले याचा इतका आनंद झाला की परसातून दोनदा उगाच चकरा मारल्या. मग बुंध्याला छबूबाईने गुंडाळलेला ताजा दोरा दिसला आणि चकरा थांबल्या.

कलम ४. झाड छबूबाईला. तो वड नाही हे तिला कोणीही, कधीही सांगू नये. सांगेल त्याचा हिस्सा रद्द.

वरील कलम खोडले आहे. कारण असे. साक्षीसाठी बोलावलेल्या महिपतीला मी हे वाचून दाखवत होतो आणि छबूबाई उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "मला पयल्याच वर्सी कळलं हुतं. वडाच्या पानाची पत्रावळ हुती. ह्येच्या पानावर कुकू बी मावत न्हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर वड न्हाय म्हणून उपटून टाकला असता तुमी. मग म्या फेरे कुटं घालायचे?"

महिपती हसता हसता खाटेवरून खाली आला.

कलम ४, नवे. महिपतीचे खरे होते. साक्षीदार असल्याने त्याला मिळकतीतले काही मिळणार नाही. सही करण्यापूर्वी हे कलम त्याने हवे तितक्या वेळा वाचावे.

कलम ५. झाड छबूबाईचे. यादीत 'नांद्रुक, एक' असे लिहावे. माझ्यामागे तिला फेरे नाहीत, पण पाणी चुकवू नये. बावीस वर्षे सात जन्मांचा अर्ज भलत्याच झाडाकडे गेला आहे. म्हणून झाडावर न विसंबता, पुढचे सातही जन्म मी तिचाच नवरा राहीन, असे कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देतो. तिच्यावर बंधन नाही. कबूल असेल तर अंगठा करावा.

मुक्काम निमगाव केतकी, बुधवार, ता. १२ जून १९५७

सही: कुंडलिक गेणबा राऊत

साक्षीदार:
१. महिपती तात्याबा शिंदे, बारामती (कलम ४ तीनदा वाचले)
२. दत्तोबा राऊत, शेजारी

कलम ५ कबूल: छबूबाई कुंडलिक राऊत, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. झुंबर शाई आणायला गेला होता, तेवढा तिला धीर नव्हता. अंगठा कुंकवाचा आहे.