दादांचा डावा गाल

इंदूर, १२ डिसेंबर १९९६

प्रिय लक्ष्मीकांत,

आधीच सांगते, दादा बरे आहेत, म्हणजे पुढचं नीट वाचशील. मिल बंद झाल्यापासून ते सियागंजात ज्या हार्डवेअरच्या दुकानात बसतात, तिथून निघताना ठेल्यावरचा लोखंडी पाइप फिरला आणि त्यांच्या गालावर बसला. डावाच गाल. तू प्रत्येक पत्राच्या शेवटी ज्याची चौकशी करतोस आणि मी 'ठीक आहे' म्हणून ज्याची बोळवण करते, तोच.

आई आणि मी त्यांना इस्पितळात घेऊन गेलो. डॉक्टर अगदी तरुण मुलगी. मला वाटलं, लगेच एक्स-रेला धाडेल. पण तिनं आधी त्यांना खुर्चीत बसवलं, मागे उभं राहून दोन्ही हातांची बोटं एकदमच दोन्ही डोळ्यांखालच्या कडांवरून फिरवली, मग डोक्यावरून वाकून दोन्ही गाल ताडून पाहिले. एकच बोट दिसतं की दोन, वरचा ओठ बधिर वाटतो का, दात नेहमीसारखे दातांवर बसतात का, सगळं विचारलं. दादा म्हणाले, "बेटा, अब बचे ही कितने हैं, आपस में निभा लेते हैं." मग एक्स-रेच्या पाटीला हनुवटी टेकवून, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

फिल्म उजेडावर धरून ती म्हणाली, नवी चीर बारीक आहे, ऑपरेशन नको. "लेकिन बाबूजी, ये हड्डी पहले से दबी हुई है. पहले कभी चोट लगी थी?" दादांनी आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "याद नहीं." मला वाटलं, अजून तुला पाठीशी घालतायत.

त्या सकाळबद्दल आपण कधी बोललो नाही. मिलला टाळं लागलं तरी दादा पाळीच्या वेळेला डबा घेऊन फाटकाशी जाऊन उभे राहत. लोक हसतात म्हणून तू डबा हिसकलास, ओढाताणीत ते दाराच्या चौकटीवर आदळले. हात मुरगळला, गाल सुजला. सूज उतरल्यावर त्यांची दाढी करायला तूच बसलास आणि अर्ध्यातच वस्तरा ठेवून उठलास. तो आत गेलेला गाल तुला तेव्हा दिसला. मग सुरतची नोकरी धरलीस आणि इकडे फिरकला नाहीस.

डॉक्टरणीनं जुना फोटो मागितला, मूळ चेहरा कसा होता ते बघायला. घरी सगळे फोटो बाहेर काढले तर प्रत्येकात दादांची उजवी बाजू! समोरून असा एकच सापडला, तुझ्या मुंजीतला. तू मांडीवर, गोटा केलेला, रडवेला. आणि लक्ष्मीकांत, त्यात दादांचा डावा गाल अगदी असाच आत गेलेला आहे.

फोटो पुढे धरला तेव्हा दादा लाजलेच. "अगं, लग्नाआधीचं आहे ते. मिलमध्ये विणताना मागावरून धोटा उडाला आणि लागला. तुझ्या आईकडचे मला बघायला आले तेव्हा उजवी बाजू पुढे करून बसलो. मग सवयच पडून गेली." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं." इतक्या वर्षांची लपवाछपवी अशी पोह्यांच्या परातीवर संपली.

मग मी त्यांना सांगितलं, तू काय समजून गेला आहेस ते. ते डोळे पुसत म्हणाले, "म्हणून गेला का तो? मी समजत होतो, बेकार बापाची लाज वाटली."

तू ओढाताण केलीस हे खरं, पण तुझ्या हातून काही मोडलं नाही रे. आता दादांना नाक शिंकरायची बंदी आहे आणि पोह्यांवर शेव नाही, त्यामुळे घरात रोज कुरबुर असते. दाढी करायला मात्र परवानगी मिळाली आहे, हलक्या हातानं. काल न्हाव्याला बोलावलं तर दादांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, "लक्ष्यानं अर्धी ठेवली होती, तोच पुरी करेल." दाढी बरीच वाढली आहे, लवकर ये.

तुझीच,
सुमनताई