मीटर खोटं बोललं नव्हतं

११ जानेवारी

मीटर बसलं! पूर्णेच्या बन्सीधरने सायलेन्सरच्या नळीला भोक पाडून नट वेल्ड करून दिला, सुकेशनीच्या शर्यतीच्या मोटरसायकलला. त्यात सेन्सर आवळला, डायल हँडलवर. पेट्रोलच्या एका भागाला इंजिन किती भाग हवा खातंय ते आता आकड्यात दिसतं. इतकी वर्षं कानाने आणि प्लगच्या रंगाने कार्बोरेटर लावत आलो. आता कानाला रजा.

सुकेशनीने विचारलं, किती पाहिजे? म्हटलं, पूर्ण थ्रॉटलला पावणेतेराच्या आसपास. चौदाच्या वर गेलं की हवा जास्त, पेट्रोल कमी — इंजिन तापतं, पिस्टन जाम होतो. शंभरच्या स्पीडला जाम झाला तर मागचं चाक जागेवर अडकतं. पुढचं मी बहिणीला सांगितलं नाही. तिला माहीत आहे.

दोन फेब्रुवारीला नांदेडजवळ मातीवरची शर्यत. पुण्याची एक टीम येणार, वर्षभरासाठी एक रायडर उचलणार. सुकेशनीला ती जागा पाहिजे. तिच्यापेक्षा मलाच जास्त घाई झाली आहे. घरात दुसरा विषय नाही.

१३ जानेवारी

साडेदहा! नुसता काळा धूर. सुकेशनीने डायलकडे बघत गाडी मारू नये म्हणून तिचा फोन ट्यूबच्या रबराने टाकीवर बांधून दिला, आकड्यांचा व्हिडिओ काढायला. चुडाव्याच्या रस्त्यावर तीनदा पाठवली, तीनदा तेच. पेट्रोल फार जातंय. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, एक नंबर लहान टाकलं.

१६ जानेवारी

सव्वाअकरा. अजून एक नंबर लहान.

बाबा येऊन बसले होते. तीस वर्षं लोकांचे ट्रॅक्टर चालवलेला माणूस, त्यांना गप्प बसवत नाही. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याचं पार पीठ केलंय, इंजिन धुळीनेच मरतं, वगैरे. मी हो हो केलं. लक्ष सगळं आकड्यात.

१९ जानेवारी

जेवण गेलं नाही. स्वप्नातसुद्धा जेटच बदलत होतो.

२१ जानेवारी

पावणेतेरा!!

पण एवढं लहान जेट या इंजिनाला? पोर्ट मोठे केलेत, कॅमशाफ्ट बदललाय — पेट्रोल जास्त लागायला पाहिजे, कमी कसं? मन खातंय. सुकेशनी म्हणाली, दादा, आता मीटर पण खोटं का? आकडा तो आकडा.

२४ जानेवारी

ताडकळसचा बाजार. रस्त्यावर माणूस मावेना, गाडी कुठे पळवणार? गॅरेजात बसून पान्हे पुसले. परत पुसले. एका गिऱ्हाइकावर उगाच खेकसलो, बिचारा हवा भरायला आला होता.

२६ जानेवारी



झेंडावंदन उरकून लोक घरी गेले, रस्ता मोकळा मिळाला. सुकेशनीला म्हटलं, आज पूर्ण पिळ. गेली. लांबून आवाज चढलेला ऐकू आला आणि एकदम बंद. धावत सुटलो तर ती गाडी ढकलत येताना दिसली. म्हणाली, "दादा, वर गेली की कोरडी वाजायलीय. म्या थ्रॉटल सोडलं."

व्हिडिओ बघितला. साडेपंधरा! आणखी थोडं पिळलं असतं तर — नको.

जेट तेच, पेट्रोल तेच, सगळं तेच. गाडीला कोणी हात लावला म्हणून ओरडत घरी आलो. बाबा ओसरीवर होते, शांतपणे म्हणाले, "फडकं धुवायला काढलंय. वाळलं की बांधतो."

कोणतं फडकं?

जुन्या धोतराचं, दुपदरी. पहिल्या दिवसापासून साइड कव्हरच्या आत एअर फिल्टरला गुंडाळलेलं! ट्रॅक्टरला बांधायचे तसं. त्यांचे ट्रॅक्टर आयुष्यभर त्याच फडक्यावर चालले, एकानेही तक्रार केली नाही. आणि मी पंधरा दिवस नाक दाबलेल्या इंजिनाला पेट्रोल कमी करत बसलो. मीटर बिचारं खरंच सांगत होतं. फिल्टर मीच नवा टाकलेला, म्हणून कव्हर एकदाही उघडलं नाही.

बाबांना वाट्टेल ते बोललो. ते ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "पोरीच्या इंजिनात धूळ जाऊ नाय म्हनून बांधलं रं." उठून मागच्या अंगणात गेलो आणि रडलो. सुकेशनी वाचली म्हणून रडलो, आणि बाबांना बोललो म्हणूनही.

२७ जानेवारी

पहिल्यापासून. फोमच्या फिल्टरला तेल लावून बसवलं, धूळ त्यातच अडकेल. बाबांनी दोनदा कव्हर उघडून खात्री केली. मेन जेट मूळपेक्षाही एक नंबर मोठं.

२९ जानेवारी

पावणेतेरा. परत पावणेतेरा. परत. कव्हर उघडून बघितलं — आत फडकं नाही.

१ फेब्रुवारी

सुकेशनी गाढ झोपलीय. मी आणि बाबा दोघंच जागे, एकमेकांना झोप म्हणून सांगतोय.

२ फेब्रुवारी

दुसरी आली! वळणावर मागे पडली, पण सरळ पट्ट्यावर गाडी अशी सुटली की बाबा उभेच राहिले. एकदाही कोरडी वाजली नाही. पुण्याची माणसं नंतर गाडीपाशी आली, इंजिन चालू करायला लावून बराच वेळ ऐकलं, मीटर बघितलं, प्लग काढून बघितला. तिला खूप विचारलं. तिचा फोन उतरलेला, म्हणून गॅरेजचा नंबर दिला. मंगळवारी कळवतो म्हणाले.

परतीच्या वाटेवर ती पुण्याच्या थंडीबद्दल बोलत होती. तिथे कोण ओळखीचं आहे, खोली कुठे मिळेल. इतका बरा दिवस कितीतरी दिवसांत गेला नव्हता.

४ फेब्रुवारी

फोन आला. रायडर त्यांनी दुसराच घेतला. त्यांना मेकॅनिक पाहिजे — मी.

ऐकलं आणि क्षणभर मला आनंद झाला. सुकेशनी समोरच उभी होती, तिने माझं तोंड बघितलं. तिला वाटलं, तिलाच घेतलं. चप्पल घालून पेढे आणायला गेलीय.