मेलेले काका आणि पाण्याची तक्रार

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेत कळ आली. ती का आली, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? दवाखान्यातलं औषध लागू पडतंय का? भाऊजींनाही नमस्कार. पहाटे स्वतः उठून सगळ्या घराला उठवायची त्यांची सवय अजून टिकून आहे का, तेही कळव. आम्ही इकडे मजेत आहोत. निदान मी तरी आहे. तुझ्या भावजयीच्या वतीने बोलण्याची माझी प्राज्ञा नाही.

तुला ठाऊकच आहे, साप्ताहिकात माझी कादंबरी क्रमशः येते. मध्यंतरी तिची भानगड झाली. माझा वेग तू लहानपणापासून बघतेस (गृहपाठ मी जेवणाआधी उरकायचो आणि जेवणानंतर तू तो निस्तरायचीस). त्याच वेगात मी तिसऱ्या भागात नायिकेच्या काकांना दोन ओळींत मारलं, आणि नवव्या भागात ते गॅलरीत बसून चहा पीत होते. वर साखर कमी पडली म्हणून कुरकुरतही होते. वाचकांनी पत्रं लिहून साप्ताहिकाला भंडावून सोडलं. संपादकबाईंनी मला बोलावून घेतलं. बाई कधी आवाज चढवत नाहीत, म्हणूनच त्यांची धास्ती वाटते. म्हणाल्या, तुम्ही घोड्यावर बसून लिहिता, जरा दमाने घ्या. महिनाभर कादंबरी थांबवते, पुढचा भाग जमला तर ठीक, नाहीतर कायमची बंद. अक्का, तूच सांग, लिहिण्याखेरीज मला येतं काय?

मग मी सावकाशीच्या मागे लागलो. खिडकीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायला घेतलं, तर तुझी भावजय म्हणाली, रिकामेच आहात तर मटार सोला. सोलता सोलता एक झकास वाक्य सुचलं आणि त्या नादात दाणे केरात, टरफलं पातेल्यात गेली. (वाक्यही नंतर आठवेना. दोन्हीकडून गेलो.) त्याच सुमारास आमच्या इमारतीचं पाणी बंद झालं होतं. पाणीखात्यात जाऊन तक्रार नोंदवायची होती, आणि बिनकामाचा माणूस म्हणून एकमताने माझी निवड झाली.

तिथे ही भलीमोठी रांग! इतरांच्या कपाळाला आठ्या, आणि मला मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं. माझ्या पुढच्या बाई आपली तक्रार ओठातल्या ओठात घोकत होत्या; सुरुवातीला भांडण होतं, खिडकी जवळ येईल तशी त्याची विनंती होत गेली. मागचे गृहस्थ जड पिशवी या हातातून त्या हातात घेत होते, पण खाली ठेवत नव्हते. (काय असेल त्या पिशवीत? मी अजून विचार करतोय.) आणि एकदम लक्षात आलं, की माझी नायिका नऊ भागांत कशासाठीच थांबलेली नाही. काका गेले तेव्हा तिला रडायलासुद्धा मी उसंत दिली नव्हती. मग ते गेले हे लक्षात कोण ठेवणार? मीही नाही ठेवलं. त्या रांगेत उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. पुढच्या बाईंना वाटलं, आमचा नळ फारच दिवस कोरडा असावा.

घोटाळा एवढाच झाला, की ऐन रंगात आलो आणि खिडकी आली. कारकून म्हणाला, बोला. आता अर्धवट विचार टाकून नळाबद्दल काय बोलणार? म्हटलं, तुमचं चालू द्या, आणि मुकाट्याने रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशीही तेच. मग ते रोजचंच झालं. कारकून मला बघून मान डोलवायला लागला. घरी कोणी विचारलं तर 'काम चालू आहे' म्हणायचो, आणि ते खोटं नव्हतं. इकडे अख्खी इमारत शेजारच्या नळावरून बादल्या वाहत होती.

शेवटी आमच्या इमारतीचे सेक्रेटरी स्वतः तिथे आले आणि मी खिडकीपाशी पोचून परत फिरत असताना त्यांनी मला पकडलं. तक्रार त्यांनीच नोंदवली आणि मला चोर धरल्यासारखं घरी आणलं. जिन्यात सगळे बादल्या घेऊन उभे. एकेकाने माझा असा उद्धार केला, की तो इथे लिहवत नाही. सगळे थकल्यावर तुझ्या भावजयीने विचारलं, "काका मेलेलेच आहेत ना आता?"

मी म्हटलं, हो, अगदी नीट मेलेत.

"मग लिहा. पण आधी पाणी भरा."

दुरुस्ती होईपर्यंत साऱ्या इमारतीचं पाणी मी भरलं. (कंबरेचं कोडं सुटलं ना?) भरली बादली घेऊन जिना चढताना घाई करताच येत नाही. प्रत्येक मजल्यावर टेकत टेकत तो भाग मनात पुरा झाला. नायिका काकांसाठी पोटभर रडली. संपादकबाईंनी तो छापला आणि पुढचे भाग मागितले. आता नळाला धो धो पाणी आहे, आणि माझी लेखणी कोरडी पडली आहे. पण मन निवांत आहे, खोटं नाही सांगत. सुचण्याची वाट बघायला मला आता आवडतं.

असो. माया आहेच, ती अशीच दमादमाने वाढू दे.

तुझा धाकटा

ता. क. – तुमच्याकडच्या दवाखान्यात औषधासाठी फार मोठी रांग असते, असं तू मागे लिहिलं होतंस. या गुडघ्यानिशी तू कशाला तिष्ठत उभी राहतेस? मी येतो महिनाभर. भाऊ म्हणून एवढं तरी करू दे.

ता. क. – वन्सं, नमस्कार. हे खाली लिहितेय ते मी. यांना पाठवते आहे, चार दिवस माझीही सुटका. पण गुडघा बरा व्हायला हवा असेल, तर औषधाला भाऊजींनाच पाठवा. भाग खरंच चांगला उतरलाय, मीसुद्धा रडले. यांना सांगू नका. आणि हे पत्र टाकायला मीच जाते आहे. पोस्टातही रांग असते.