आईच्या मातीचं काय करायचं

ती. आईस,
माणिकचा पुण्याहून नमस्कार. फोनवर तू मधीच प्रार्थना सुरू करतीस, म्हणून लिहायलोय. चष्मा लावून तूच वाच, दुसऱ्याकडं देऊ नको.

आमी खुशाल हावोत. तुजा खोकला कमी हाय का? आबा जेवायलेत का नीट?

तुला भेटून झरीहून येताना परभणीत चर्चच्या पास्टरला भेटलो. म्हणलं, आमची आई घरीच चुलीफुडं बसून येशूला हात जोडती, चर्चला येत न्हाई, कुंकू पुसत न्हाई. उद्या ती गेली तर तुमच्या कबरस्तानात जागा देताल का? ते म्हणले, बाप्तिस्मा न्हाई, तर जागा न्हाई.

मग व्यंकटकाकाला इचारलं. ते म्हणले, जिनं खंडोबाच्या तळीचा प्रसाद वापस केला, तिला भावकी खांदा देणार न्हाई. शेतात पुरावं, तर आपला योगीराज म्हणतो, मग तितं बाया खुरपायला यायच्या न्हाईत. पोटचा लेक हाय तुजा.

तू म्हणतीस, माज्या देवाला इमारत लागत न्हाई. देवाला नसंल लागत, मढ्याला जागा लागती. तुजा येशू तिसऱ्या दिवशी उठून गेला. तू काय उठणार न्हाईस.

तवा बाप्तिस्मा घे, न्हाईतर खंडोबाफुडं नाक घास. दोन्ही जमत नसंल तर मरू नको.

खोकल्याचं औषध संगं पाठवलंय. येळेवर घे.

तुजाच,
माणिक