शंभर वेळा तेच उत्तर

३ जानेवारी. मिरजगाव.
संकल्प: थिसिस संपवणे. ही शेवटची मुदतवाढ. २५ मार्चच्या आत सादर झाला नाही तर पीएच.डी. रद्द. पीएच.डी. नाही तर कॉलेजात पर्मनंट नाही, जन्मभर तासिका तत्त्वावर. घाबरायचं कारण नाही. उद्यापासून पहाटे चारला उठणे.

४ जानेवारी
थंडी फार. थिअरीच्या माणसाला डोकं ताजं लागतं. आठला उठलो.

१९ जानेवारी
दिपालीला विषय पुन्हा समजावला. दुधात टॉर्च मारला की उजेड सरळ जात नाही. आतले कण कसेही विखुरलेले, त्यांच्यावर आपटत भटकतो. तसा विस्कळीत पदार्थ मी कॉम्प्युटरमध्ये चौकोनांच्या जाळीवर रचतो. प्रत्येक चौकोन शेजाऱ्यांकडे बघून ठरवतो, भरायचं की रिकामं राहायचं. याला ऑटोमेटा म्हणतात. मग किती उजेड पार गेला ते काढायचं. ती म्हणाली, टॉर्च जागेवर ठेवत जा, लाईट गेली की सापडत नाही.
बायको आहे म्हणून बोललो नाही.

९ फेब्रुवारी
अरे वा रे वा! प्रोग्रॅम शंभर वेळा चालवला. दरवेळी नवा पदार्थ, तरी उजेड तेवढाच पार. बाराव्या दशांशापर्यंत तेवढाच! जगभर लोकांची उत्तरं दरवेळी वेगळी येतात. बिचारे सरासरी काढत बसतात. नाव ठरवलं: खेतमाळीस स्थिरांक. आडनाव परदेशी लोकांना जड जाईल. शिकतील.

१२ फेब्रुवारी
कॉम्प्युटर विभागाचा कानिफनाथ म्हणाला, एकदा कोड दाखव की. हसून टाळलं. जळतात लेकाचे.

२ मार्च
गाइड सरांचा पुण्याहून फोन. कोड तपासलास का? म्हणालो, शंभर साक्षी असताना काय तपासायचं? सरांनी फोन ठेवून दिला. भारावले असावेत.

१५ मार्च
अण्णांना राहवेना, बापाचं काळीज. म्हणाले, लई वर्सं झाली, आता डाक्टर झालाच म्हनायचा, फ्लेक्स लावून टाकू. मी थोडे आढेवेढे घेतले. मग कोटातला फोटो दिला.

२४ मार्च. पुणे.
सही करायच्या आधी सर कोड वाचत बसले. म्हणाले, ही ओळ कसली? मी सांगितलं, सुरुवातीचा आकडा, त्यावरूनच प्रोग्रॅम कण विखुरतो. सोय म्हणून कायमचा सात ठेवलाय. सर म्हणाले, मग शंभर पदार्थ कुठले? एकच पदार्थ शंभर वेळा मोजलास. मी म्हणालो, पण किती अचूक मोजला सर!
सरांनी खुर्ची पुढे ओढली. आकडा बदलत बदलत प्रोग्रॅम चालवला. शंभर वेगळी उत्तरं. सरासरी काढली. पाठ्यपुस्तकात छापलेली आहे तीच.
सही झाली नाही.

२५ मार्च
मुदत संपली. एसटीतून दिपालीला फोनवर सगळं सांगितलं. सांगताना रडू फुटलं. ती म्हणाली, असू द्या, पण अण्णांना तुमच्या तोंडानं सांगा. कबूल केलं.
स्टँडवर उतरलो तर अण्णा हार घेऊन उभे, शेजारी सरपंच, मागे बरीच मंडळी. अण्णा म्हणाले, काय शोध लावला ते आमाला कळंल असं सांग. धीर करून सांगून टाकलं, अण्णा, शोध काहीच लागला नाही.
सरपंच मंडळींकडे वळून म्हणाले, बघा, येवढा शिकला पर गर्व न्हाई.
टाळ्या झाल्या. मला मान वर करवेना. हार घालायला अण्णांना सोपं गेलं.