गोटीचं वजन

ता. ३ फेब्रुवारी

चि. ठमीस आजीचे अ. आ.,

सगळ्यात आधी आला तो भंगारवाला, लटकता काटा खांद्यावर टाकून. त्याच्या मागून समोरचा शिंपी, गळ्यात टेप तशीच. आणि मग ज्यांना काही काम नव्हतं असे चारजण. सगळे तुझ्या कुत्रीचं वजन बघायला. गोटी गोणीतून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा आत बिस्कीट टाकलं, तशा बाईसाहेब आपणहून जाऊन बसल्या. सतरा किलो भरली.

आता तू म्हणशील, हा खटाटोप कशाला. तर तू तिच्या नसबंदीच्या ऑपरेशनला पाठवलेले तीन हजार पोचले. ते घेऊन मी जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, पंधरा किलोपर्यंत तीन हजार, त्याच्या वर साडेचार. भुलीचं औषध वजनावर लागतं म्हणे. मी म्हटलं, अहो, कुत्री आहे की बटाटे? तो पोट धरून हसला, पण कमी काही केलं नाही.

तुझ्या घरमालकिणीनं बजावलंय, ऑपरेशनचा दाखला दाखवल्याशिवाय कुत्री खोलीत आणायची नाही, ते मला पाठ आहे. तू दवाखान्यात बारा बारा तास पेशंटची उठबस करतेस आणि रिकाम्या खोलीत परत येतेस, तेही कळतं. गोटी तुझ्याजवळ पोचायलाच हवी. पण आणखी दीड हजार तुझ्याकडे मागायला जीभ रेटत नाही. तेव्हा मी ठरवलंय, दोन किलो उतरवायचे. सकाळ संध्याकाळ मीच फिरवणार. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत.

शिंपी म्हणाला, आजी, तुम्हीच आधी बारीक व्हाल. त्याला म्हटलं, मग माझे ब्लाउज लहान करायचं काम तुलाच देईन.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

ता. १२ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.,

फोनवर तू नुसतं बरं बरं म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पत्रच बरं. वर्षभर जिना उतरायला तयार नव्हतीस आणि आता दोन वेळा फेऱ्या? वॉर्डातल्या सगळ्या नर्सना वाचून दाखवलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तुझ्या आजीला इथे बोलव, आमच्या पेशंटना चालवायला.

दीड हजार मी पाठवते, हट्ट करू नकोस. घरमालकीणबाईंनी एप्रिल अखेरपर्यंत सवड दिली आहे. आणि गोटीला साखळीनंच ने. तिला मोकळी सोडायची नाही, हे शंभर वेळा सांगितलंय.

रागावलीस तरी चालेल, माया आटवू नकोस.

तुझी ठमी

ता. २८ मार्च

चि. ठमीस अ. आ.,

पैसे परत पाठवते आहे, आणि एक गोष्ट कबूल करते आहे. आधी चहा पी, मग पुढचं वाच.

दीड महिना चालले. गल्लीच्या टोकापर्यंत, तिथून बेकरी, मग सायकलवाल्याला वळसा. माझे गुडघे इतके सुटले की जिना आता कठड्याला न धरता उतरते. पण गोटी काही उतरेना. सतरा, साडेसतरा, मग अठरा. भंगारवाल्यानं काटा दोनदा झटकून बघितला. मला वाटलं चालण्यानं भूक वाढली असेल, म्हणून तिचं ताट अर्धं केलं. ती माझ्याकडे अशी बघायची की मलाच घास उतरत नसे, मग उरलेलं अर्धं मागाहून वाढायचे.

काल डॉक्टरकडे नेली. त्यानं पोट चाचपलं, परत चाचपलं आणि म्हणाला, आजी, वजन वाढलंय खरं, पण ते सगळं हिचं एकटीचं नाही.

झालं असं. शिंप्याच्या दुकानाबाहेर बाक आहे, तिथे मी गुडघ्यांना विसावा द्यायचे. तेवढा वेळ साखळी सोडायचे. म्हटलं, धावेल मोकळी, किलो लवकर झडतील. आणि शिंप्याचा कुत्रा, बटण, तिथेच दारात. मी शिंप्याशी गप्पा मारत होते गं. पाठीला डोळे नाहीत मला.

डॉक्टर म्हणाला, आता पिल्लं होऊन, दूध सुटेपर्यंत ऑपरेशन नको. म्हणजे जून सरेल. तुझी घरमालकीण थांबेल का?  वाट्टेल ते बोल मला, पण पत्र पाठव.

तुझी आजी

ता. ६ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.,

बोलणार होते, पण हसण्यातच सगळा राग सांडला. बटण. त्या आखूड पायांच्या बटणाला जावई करून घेतलंस.

घरमालकीणबाईंना खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, जुलै अखेर, त्यापुढे एक दिवस नाही. आणि नुसत्या कागदावर विश्वास ठेवणार नाहीत, स्वतः येऊन कुत्री बघतील. फार कडक आहेत, आजी. जिन्यात चपला तिरक्या पडलेल्या चालत नाहीत त्यांना. त्या आल्या तर जास्त बोलू नकोस, एवढं कर.

तू, गोटी आणि येणारी मंडळी, सगळी जपून राहा. माझी आठवण पुसू देऊ नका.

तुझी ठमी

ता. ११ जुलै

चि. ठमीस अ. आ.,

आधी गोटीचं. चार पिल्लांनी तिला इतकं ओढलं की डॉक्टरच्या काट्यावर साडेचौदा भरली. तीन हजारांत ऑपरेशन झालं. टाके गेल्या शनिवारी निघाले, केस उगवायला लागलेत. पिल्लांच्या दुधाला, अंड्यांना नि जंतांच्या औषधाला चोवीसशे गेले, ते माझे मी दिले. दीड हजार वाचवायला निघाले होते. तू विचारू नकोस, मी सांगणार नाही, असं म्हणता म्हणता सांगून बसले.

आज तुझ्या घरमालकीणबाई आल्या, भावाच्या गाडीतून. मी दाखला पुढे केला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग गोटीला वाकून बघितलं, टाक्यांची जागा बघितली. मी तोंडातून शब्द काढला नाही, तुझी शपथ. तेवढ्यात पांढऱ्या पायांची पिल्ली बाईंच्या पर्समध्ये जाऊन झोपली. बाई उठेनात. चहा थंड झाला तरी उठेनात. शेवटी हळूच विचारलं, ही कुणाला द्यायची ठरली आहे का.

तेव्हा मात्र मी बोलले. दोन पिल्लं गेली, एक भंगारवाल्याकडे, एक शिंप्याकडे. त्याला द्यावंच लागलं, आजोबा ना तो. तिसरं मी ठेवलंय, नाहीतर सकाळी मला जिन्यावरून खाली कोण ओढणार? ही चौथी उरली आहे. पण अट आहे, म्हटलं. वेळेवर ऑपरेशन करायचं आणि दाखला मला आणून दाखवायचा. नुसत्या कागदावर माझा विश्वास नाही, मी येऊन बघेन.

 बाई म्हणाल्या, कबूल, पण खर्च किती येतो? मी म्हटलं, वजनावर आहे. हवं तर खाणं बेतानं द्या, पण बारीक करायला फिरवायला नेऊ नका. त्यांचा भाऊ असा हसला की गोटी भुंकली.

गोटीचं अंथरूण धुऊन वाळत घातलंय. तिची वाटी अजून इथेच आहे, ती शेवटच्या दिवशी बांधेन. तू मात्र तिला साखळीनंच ने. मी आता शंभर वेळा सांगणार.

तुझ्यावर आहे तेवढाच जीव माझ्यावर ठेव, जास्त झाला तर वजनाचे पैसे पडतील.

तुझी आजी

ता. क. बाई तुला घेऊन परत येते म्हणाल्या, गोटीला नि पिल्लीला न्यायला. रविवारी, एकोणीस तारखेला, सकाळी दहा वाजता.