बेउला टेकडीची जमीन आणि तिच्यावरचे लॅटिन

मी, केझाया ब्रॉडनॅक्स, राहणार बेउला टेकडी, डनमोर फेरी, राज्य अलाबामा, गवंडी एनॉस ब्रॉडनॅक्स यांची विधवा, धंदा शिक्षिका, हा मजकूर स्वतःच्या हाताने लिहिते. माझे गुडघे गेले, डावा कान गेला. डोके जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्या लॅटिनच्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसून पाहावे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला गेल्या आठवड्यात एक गृहस्थ येऊन गेले. त्यांचा उल्लेख पुढे यथास्थित येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम पहिले. माझे राहते घर, चुलीसकट, मी माझी विद्यार्थिनी मिस झिल्फा मेरीवेदर हिला देते. ती आता आमच्याच कॉलेजात लॅटिन शिकवते. चूल धूर करते. ती दुरुस्त करण्याच्या भानगडीत झिल्फाने पडू नये. नको असलेले पाहुणे तिच्यामुळे लवकर उठतात. माझी पुस्तकेही तिचीच. मृत्युपत्राची व्यवस्थाही तिनेच पाहावी.

कलम दुसरे. एनॉसची थापी, ओळंबा आणि हातोडी गवंडीकामाच्या वर्गाला द्यावी. ही टेकडी एनॉसने घेतली तेव्हा गाव हसले होते. नुसता दगड, कापूस उगवत नाही, म्हणून गोऱ्या मालकिणीने ती आनंदाने विकली. एनॉसने खरेदीखत माझ्या नावावर केले. मी विचारले, "माझ्या का?" तो म्हणाला, "मला कोणी दमात घेतलं तर मी सही करून मोकळा होईन. तू करणार नाहीस." नवऱ्याने बायकोची याहून मोठी स्तुती केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कॉलेजचे प्रार्थनामंदिर त्याने बांधले आणि त्याच्याच परांचीवरून पडून तो गेला. अंत्यविधीत आमचे अध्यक्ष, रेव्हरंड थिओफिलस गेन्स, पुष्कळ बोलले. त्यात एनॉसचे नाव सुरुवातीला एकदा आले; मग रेव्हरंडांना ही इमारत कशी सुचली, ते आले.

कलम तिसरे. सदर रेव्हरंड गेन्स यांना मी माझी छत्री देते. कारण कॉलेजच्या माहितीपुस्तकात लिहिले आहे की त्यांनी "एकट्याने, उघड्या आभाळाखाली" हे विद्यालय स्थापन केले. एवढी वर्षे उघड्यावर राहिलेल्या माणसाला छत्री असावी.

आता घडले ते असे. माझा जन्म गुलामीतला. सुटका झाल्यावर उत्तरेकडून आलेल्या एका मिशनच्या बाईंनी मला वाचायला शिकवले आणि मी थांबेना म्हणून लॅटिनही शिकवले. मग मी चर्चच्या सज्जाखाली शाळा सुरू केली. आजी आणि नातू एकाच पाटीवर लिहीत. रेव्हरंड त्या चर्चचे पाद्री. आवाज घंटेसारखा, म्हणून त्यांना उत्तरेत मदत मागायला पाठवले. ते तिकडे असताना चर्च जाळण्यात आले. कोणी जाळले ते गावाला ठाऊक आहे. त्यांच्यापैकी एकाच्या दुकानातून मी आजही पीठ आणते. सकाळी मुले राखेपाशी येऊन उभी राहिली. एनॉस म्हणाला, "टेकडीवर चला. दगड जळत नाही." त्या दिवशी आम्ही टेकडीवर धडा घेतला; तीच शाळा पुढे कॉलेज झाली. रेव्हरंड परतले तेव्हा राख गार झाली होती आणि भिंती छातीइतक्या वर आल्या होत्या. पुढे बॉस्टनच्या भाषणात त्या भिंती त्यांनी स्वतः बांधल्या.

तरी खोटे लिहिणार नाही. ज्या घरांत हा माणूस कॉलेजसाठी हात पसरत होता, तिथे त्याला जेवायला स्वयंपाकघरात बसवत. हे त्याने कधी सांगितले नाही. मला तिथल्या स्वयंपाकिणीकडून कळले. छत्री चांगली आहे, मूठ हस्तिदंती आहे.

कलम चौथे. हे महत्त्वाचे; कोर्टाने चष्मा पुसून वाचावे.

उत्तरेतल्या कनेक्टिकटचे बटणांचे कारखानदार मि. एलिहू स्टॅनर्ड आमचे मोठे दाते. त्यांचे मत असे की, आमच्या मुलांना हातकाम शिकवावे आणि एवढेच शिकवावे. ते प्रथम पाहायला आले त्या दिवशी रेव्हरंड घामाघूम होऊन माझ्याकडे आले.

"सिस्टर केझाया, आजच्या दिवस ते लॅटिन कोंडून ठेवा हो. पाहुण्यांना साबण दाखवू या."

"ठेवते की," मी म्हणाले.

मुलींना धुण्याच्या टपांशी उभे केले. परीक्षा तोंडावर होती, म्हणून कपडे घासता घासता त्यांनी लॅटिन क्रियापदे चालवायला घेतली. अमो, अमास, अमात. घासणीवर ठेका, खाली फेस. मि. स्टॅनर्ड टोपी काढून ऐकत राहिले.

"काय गोड गातात ह्या! शेतातलं जुनं गाणं असेल?"

रेव्हरंडांनी माझ्याकडे पाहिले. मी आभाळाकडे. "होय साहेब," ते म्हणाले, "फारच जुनं."

झिल्फाने हसू दाबायला तोंड फेसात घातले, तेव्हा मि. स्टॅनर्ड म्हणाले, "बिचारी, किती मन लावून काम करते!" आणि त्यांनी आम्हाला इमारत दिली.

तेच मि. स्टॅनर्ड आता म्हणतात की येत्या हिवाळ्याआधी कॉलेजचे वर्ग बंद करा, टेकडीवर मोठा धुलाई-कारखाना घाला, तर आणखी देतो. रेव्हरंड हो म्हणून बसले. मात्र जमीन माझ्या नावावर आहे, याची त्यांना वकिलाने आठवण करून दिली. म्हणून गेल्या आठवड्यात ते कागद घेऊन आले.

"सही करा, सिस्टर. तुमचं वय झालं. आपल्या मुलांच्या पोटाचं बघायला नको का?"

"तुमच्या पोटाचं कोणी बघितलं, रेव्हरंड? ग्रीक शिकून तुम्ही उपाशी मेलात का?"

"माझी गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी ते सांगा. ऐकते आहे मी. उजव्या कानाकडून या."

चुलीने धूर केला, ते उठले.

हातकामाला माझा विरोध नाही. मी स्वतः लोकांची धुणी धुतली आहेत आणि लग्न गवंड्याशी केले. विरोध आहे तो "एवढेच" या शब्दाला. सबब बेउला टेकडीची संपूर्ण जमीन मी कॉलेजला देते, ती या अटीवर की तिथे पदवीपर्यंतचे सर्व वर्ग, लॅटिनसह, मुलांना आणि मुलींना चालू राहतील. ज्या वर्षी ते बंद होतील त्या वर्षी जमीन गावच्या धोबिणींच्या डॉर्कस मंडळाची होईल. कॉलेजला तिथे राहायचे असल्यास अध्यक्षांनी मंडळाच्या सभेत जावे, टोपी हातात धरावी आणि आपला नंबर येईपर्यंत उभे राहावे. मंडळातल्या निम्म्या बायका माझ्या विद्यार्थिनी आहेत. त्या त्यांना रूपे चालवायला सांगतील.

कलम पाचवे. माझ्या अंत्यविधीला तळलेली कोंबडी आणि रताळ्याचे सारण भरून भाजलेली गोड पाई पोटभर असावी. विद्यार्थी आधी, विश्वस्त मागून. रेव्हरंडांनी प्रार्थना म्हणावी. आवाज अजून सुंदर आहे, आणि मला तो ऐकायला आवडला असता. भाषण करू नये. पुतळा उभारायचाच असेल तर त्यांचा उभारावा. कबुतरांना उंच जागा लागते.

शेवटचे, कोर्टातल्या कारकुनासाठी. आपल्या कार्यालयाची अशी पद्धत आहे की गोऱ्या बाईच्या नावामागे मिसेस लिहितात आणि आमच्या नावामागे काही लिहीत नाहीत. एनॉसच्या मृत्यूच्या नोंदीत मला "केझाया, त्याची बाई" असे लिहिले गेले. तेव्हा मी रडत होते, म्हणून बोलले नाही. आता रडत नाही. हे मृत्युपत्र नोंदवहीत उतरवताना सही आहे तशी उतरवावी.

बेउला टेकडी, डनमोर फेरी
९ मार्च १९११

(सही) मिसेस केझाया ब्रॉडनॅक्स

साक्षीदार:
डॉ. ऑर्लँडो पीबल्स, वैद्य, या कॉलेजचे पदवीधर
मिस आयडेला क्रम, शिक्षिका, या कॉलेजच्या पदवीधर

वरील सही बाईंनी आम्हा दोघांच्या समक्ष, पूर्ण शुद्धीत केली. मिसेस हा शब्द त्यांनी आधी लिहिला, शाई वाळू दिली, आणि पुन्हा एकदा गिरवला.